शिक्का एकाचा, चाकू अनेकांचा

श्रोतेहो, नमस्कार. आज मी माझ्याबरोबर एक लहानशी वस्तू आणली आहे, आणि तिचे वर्णन करण्याआधी तिचा आवाज तुम्हांला ऐकवते.

(ध्वनी : घडीचा चाकू उघडतो आणि मिटतो.)

हा 'टक्' असा आवाज कमानीचा आहे. मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी कमान पात्याच्या टाचेवर, म्हणजे सांध्याजवळच्या बुडाच्या भागावर, दाबून असते. पाते अर्ध्या वाटेच्या पुढे गेले की ती त्याला ओढून घेते आणि जागेवर बसवते. या चाकूला खटका नाही आणि एका हाताने उघडण्याची सोयही नाही. पात्यावरच्या बारीक खाचेत नख घालून तो दोन्ही हातांनीच उघडावा लागतो. जर्मनीत बनलेले असे जुने खिशातले चाकू मी गेली अनेक वर्षे जमवत आहे, आणि या छंदात डोळ्यांइतकाच कानही लागतो, हे मला फार उशिरा कळले. ते कसे कळले, तेच आज सांगणार आहे.

माझ्या संग्रहातले बहुतेक चाकू एकाच गावचे आहेत. त्या गावाचे नाव झोलिंगेन. आपल्याकडे इंग्रजी वळणाने त्याला सोलिंगेन म्हणतात, आणि घरातल्या जुन्या वस्तऱ्यावर किंवा कात्रीवर तुमच्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल. पश्चिम जर्मनीत डसेलडॉर्फपासून जवळच, वुपर नदीच्या काठच्या डोंगराळ भागात हे गाव आहे. मध्ययुगात तेथे तलवारी घडत, पुढे सुऱ्या, कात्र्या, वस्तरे आणि चाकू घडू लागले. प्रत्येक कारखानदाराची खूण वेगळी, आणि ती खूण बहुधा चित्राची असे, कारण दूरदेशीच्या गिऱ्हाइकाला जर्मन नाव वाचता आले नाही तरी चित्र ओळखता येत असे. हेंकेल्स घराण्याची जुळ्यांची खूण 13 जून 1731 रोजी नोंदली गेली. 1869 मध्ये सुरू झालेल्या ब्योकर कंपनीने चेस्टनटचे झाड घेतले. काउफमान कंपनीच्या काळ्या पत्र्याच्या मुठीच्या चाकूवर झेप घेणारे मांजर आहे, आणि त्या कंपनीच्या कारखान्याचे नावच 'इंडियावेर्क' होते. परदेशातून येताना आपले लोक हौसेने लाल मुठीचा स्विस चाकू घेऊन येतात. पण स्विस सैन्याला 1891 मध्ये मिळालेले सैनिकी चाकूही झोलिंगेनच्याच एका कारखान्यात तयार झाले होते, एवढे तरी तो चाकू भेट देताना सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

खूण महत्त्वाची, म्हणून तिचा गैरवापरही झाला. एकोणिसाव्या शतकात झोलिंगेनच्याच काही व्यापाऱ्यांनी आपल्या हलक्या मालावर, चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या शेफील्डचे नाव ठोकून तो विकला. अशा तक्रारींमुळे ब्रिटनने 1887 मध्ये कायदा केला आणि जर्मन मालावर 'मेड इन जर्मनी' असे लिहिणे भाग पडले. पुढे झोलिंगेनच्या नावालाच इतकी किंमत आली की 1938 मध्ये त्या नावाच्या रक्षणासाठी जर्मनीत स्वतंत्र कायदा झाला, आणि घडणीची मुख्य कामे त्या परिसरात झाल्याशिवाय वस्तूवर ते नाव घालण्यास बंदी आली. त्यामुळे नवा संग्राहक चाकू हातात घेतला की प्रथम शिक्का पाहतो. मीही तेच करत असे.

आम्ही तेव्हा डसेलडॉर्फला राहत होतो. शनिवारी सकाळी तेथील जुन्या बाजारात फिरताना एका विक्रेत्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, काटे-चमच्यांच्या ढिगाखाली, मला शिंगाच्या मुठीचा एक शिकारी चाकू दिसला. मोठे पाते, एक लहान करवत, बूच काढण्याचा मळसूत्री काटा, आणि मुठीच्या दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या. पात्याच्या टाचेवर एका नामवंत कंपनीचा शिक्का स्पष्ट होता. मी घासाघीस न करता 45 युरो मोजले. झोलिंगेनच्या ग्रेफ्राट भागात पात्यांचे मोठे संग्रहालय आहे. तेथे अशाच घाटाची मूठ मी पाहिली होती, म्हणून घरी येऊन चाकूच्या चिठ्ठीवर मी लिहिले, 'पहिल्या महायुद्धाआधीचा'. शिक्का वाचला, घाट ओळखला, काम झाले, असे मला वाटले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आम्ही वुपरकाठचे एक कोटेन पाहायला गेलो. कोटेन म्हणजे नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या मोठमोठ्या दगडी सहाणींचे कामघर. पूर्वी नदीकाठी अशी कितीतरी कामघरे होती, आणि तेथील शिकलगार दिवसभर त्या ओल्या दगडांपुढे बसून पाती घासत. दगडाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे खराब होत आणि अनेकांना अकाली मरण येई. आत शेगडीशेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते 'राइडर' होते, असे आम्हांला सांगण्यात आले. झोलिंगेनमध्ये एकच माणूस पूर्ण चाकू बनवत नसे. लोहार पाते घडवी, दुसरा त्याला पाणी देई, शिकलगार ते घासून धार काढी, आणि शेवटी राइडर ती पाती, कमानी, पत्रे आणि मूठ एकत्र जुळवून चाकू बांधी. यांतले बरेच जण आपापल्या घरी किंवा भाड्याच्या जागेत काम करत, आणि अर्धवट तयार झालेला माल एकाकडून दुसऱ्याकडे बायका डोक्यावरच्या टोपल्यांतून पोहोचवत. डोंगरउताराची वाट आणि डोक्यावर पोलादाचे ओझे! या बायकांचा पुतळा त्या गावात उभारलेला आहे, हे मला फार योग्य वाटते.

मी मोठ्या अभिमानाने माझा चाकू त्या गृहस्थांच्या हातात दिला, आणि शिक्का वर येईल असा दिला. त्यांनी चष्मा लावला नाही. चाकू कानाजवळ धरला, तोंड भिंतीकडे केले आणि एकेक पान उघडून मिटू लागले. तोच चाकू मी आज येथे आणला आहे. आधी करवत ऐका.

(ध्वनी : करवत उघडते आणि मिटते.)

आता मोठे पाते ऐका.

(ध्वनी : मोठे पाते उघडते आणि मिटते.)

करवतीचा आवाज भरीव आहे. पात्याचा किंचित दबका आहे. पुन्हा सांगते, करवतीचा भरीव, पात्याचा दबका. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "या चाकूत दोन माणसे आहेत."

मला अर्थ कळला नाही. मग त्यांनी चष्मा लावला आणि मला एका बाजूची टोपी दाखवली. तेथे पाते ज्या खिळ्यावर फिरते त्याचे डोके पुन्हा ठोकून कानसेने सपाट केल्याच्या अगदी पुसट रेघा होत्या. नंतर त्यांनी अंगठ्याने पात्याच्या टाचेची मागची बाजू पुसली. ती बाजू मी कधी धड पाहिलीच नव्हती. मळाखालून अक्षरे वर आली : 'रोस्टफ्राय', म्हणजे न गंजणारे. जर्मनीतल्या क्रुप या पोलाद कंपनीने न गंजणाऱ्या पोलादाचे पेटंट 1912 मध्ये घेतले आणि चाकूंवर हा शब्द सर्रास दिसू लागला तो त्यानंतर काही वर्षांनी. ज्या शिक्क्यासाठी मी पैसे मोजले होते, तो नंतर बसवलेल्या पात्यावर होता.

मी विचारले, "म्हणजे हा चाकू खोटा आहे का?"

ते म्हणाले, "खोटा कसा? कोणीतरी हा इतका वापरला की पाते झिजून गेले, आणि फेकून न देता त्याने दुसरे बसवून घेतले. ज्याने बसवले, त्याने जुनी कमान राखली आहे आणि नव्या पात्याची टाच तिच्याशी जुळेपर्यंत थोडी थोडी घासली आहे. हे काम मला माहीत आहे. याला वेळ लागतो."

तुम्ही कोणत्या कंपनीत होता, असे मी त्यांना विचारले. "ज्यांचे काम येई त्यांचे करत होतो," ते म्हणाले, "माझे नाव कोणत्याही चाकूवर नाही." त्यांची आजी टोपल्या वाहणाऱ्या बायकांपैकी होती, हेही त्यांनी सांगितले. मग मुठीवरून बोट फिरवत त्यांनी मी कोठची आहे असे विचारले आणि म्हणाले, "मग हे शिंग कदाचित तुमच्याच देशातून आले असेल." झोलिंगेनचे कारागीर भारतातले सांबरशिंग पसंत करत, कारण ते आतून जास्त भरीव असते आणि मुठीला टिकते. आता भारतातून ते निर्यात करण्यास बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे. गळून पडलेल्या शिंगांच्या नावाखाली शिकार चालणार नाही याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

परतीच्या गाडीत मला फिरंग आठवली. मराठ्यांच्या फिरंग तलवारीचे लांब, सरळ पाते युरोपातून येत असे, आणि झोलिंगेनची पातीही त्यांत होती. त्यावर मूठ बसवत ते आपल्याकडचे कारागीर. वस्तुसंग्रहालयात फिरंग पाहताना आपण तिला कधी खोटी म्हणत नाही. पाते कुठले आणि मूठ कुठली, एवढेच सांगतो. मग चाळीस-पन्नास वर्षे कोणाच्या तरी खिशात राहिलेल्या, एकदा पाते बदललेल्या चाकूला मी कमी का लेखावे? घरी आल्यावर मी जुनी चिठ्ठी काढून टाकली आणि नवी लिहिली : 'मूठ, कमान, करवत जुनी, मोठे पाते नंतरचे, जोडणारे दोघे, नावे माहीत नाहीत.' तेव्हापासून प्रत्येक चाकूची चिठ्ठी मी याच पद्धतीने लिहिते. शिक्का एका कंपनीचा असतो, पण चाकू अनेक हातांचा असतो.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून व्यवहाराच्या गोष्टी चटकन सांगते. घरात असा चाकू असेल तर टाचेच्या दोन्ही बाजू वाचा. पुन्हा सांगते, दोन्ही बाजू. 'वेस्ट जर्मनी' असे लिहिले असेल तर तो 1949 ते 1990 या काळातला समजावा. 'रोस्टफ्राय' नसेल तर पाते बहुधा साध्या पोलादाचे असते. ते काळवंडते, ओले ठेवले तर गंजते, पण त्याची धार निसण्यावर लवकर लागते. काळवंडते म्हणून आपण घरातल्या विळ्यासुद्धा अडगळीत टाकल्या, याचे मला अजून वाईट वाटते. जुन्या पात्यावरचा करडा रंग घासून काढू नका आणि त्याला चकाकीच्या चाकावर तर मुळीच धरू नका. घडणीच्या बारीक रेघा एकदा गेल्या की परत येत नाहीत. सांध्यात तेलाचा एक थेंब पुरे. चाकू चामड्याच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवू नका, कारण चामडे ओल धरते आणि पाते आतून डागाळते.

शेवटची सूचना सेल्युलॉइडच्या मुठीविषयी आहे. रंगीत, मोत्यासारखी चमकणारी जुनी मूठ पुष्कळदा सेल्युलॉइडची असते. ती जुनी होऊन विघटित होऊ लागली की तिच्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या चाकूंनाही गंज चढतो. माझ्या एका डब्यातले तीन चाकू असेच खराब झाले. मूठ आक्रसलेली, चिरा गेलेली किंवा कापरासारख्या वासाची वाटली तर तो चाकू आजच इतरांपासून वेगळा काढा आणि हवा लागेल अशा जागी ठेवा. नमस्कार.