त्रेपन्न गुणांनी हरलेला विजेता संघ

श्रोतेहो, नमस्कार.

बास्केटबॉलमध्ये पाच-सात गुणांनी हरणं रोजचंच. वीस-पंचवीस गुणांनी हरलं की खेळाडू एकमेकींकडे बघत नाहीत, गुपचूप बूट सोडतात. आणि त्रेपन्न गुणांनी हरलं तर? तेही घरच्या कोर्टवर, आपल्याच प्रेक्षकांसमोर? अमेरिकेतल्या लास वेगास एसेस या महिला संघाचं २ ऑगस्ट २०२५ ला नेमकं हेच झालं. मिनेसोटा लिंक्सनं त्यांना १११-५८ असं धुऊन काढलं. डब्ल्यूएनबीए म्हणजे तिथली महिलांची व्यावसायिक लीग. ती १९९७ पासून खेळली जाते आहे, पण पाहुण्या संघानं एवढ्या फरकानं जिंकल्याचं तिथं तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

आणि सव्वादोन महिन्यांनी, १० ऑक्टोबरला, विजेतेपद मिळवलं ते याच एसेसनं.

आता तुम्ही म्हणाल, लास वेगासचं नागपूरला काय? एक तर वेळेचा योग. उन्हाळ्यात लास वेगास आपल्या साडेबारा तास मागे असतं. म्हणजे तिथे संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात, तर्री-पोह्यांची वेळ. अंतिम सामन्यांपैकी काही तर आपल्याकडे भल्या पहाटे सुरू झाले, मुली सरावाला मैदानावर पोचतात त्या सुमारास. मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. वॉर्म-अप चालू असताना कुणाच्या तरी बॅगेतल्या मोबाईलवर स्कोअर बघितला जायचा, आणि मी न बघितल्यासारखं करायची. दुसरं कारण असं की या हंगामात जे घडलं ते आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत घडूच शकत नाही. तेच आज सांगायचं आहे.

आधी संघाची थोडी ओळख. हा संघ मूळचा यूटा राज्यातला. २००३ मध्ये तो सॅन अँटोनियोला गेला आणि २०१८ मध्ये लास वेगासला. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांनी मिळवली. प्रशिक्षक बेकी हॅमन. स्वतः मोठी खेळाडू, आणि डिसेंबर २०२० मध्ये पुरुषांच्या एनबीएच्या एका सामन्यात मुख्य प्रशिक्षकाला पंचांनी बाहेर काढल्यावर संघाची सूत्रं हाती घेणारी पहिली बाई. २०२५ च्या हंगामाआधी मात्र संघाची घडी विस्कटली. केल्सी प्लम ही हुकमी गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी खेळाडू, लॉस एंजेलिसला गेली आणि त्याच अदलाबदलीत सिअ‍ॅटलहून ज्युएल लॉईड आली. जूनमध्ये संघाची मुख्य खेळाडू एजा विल्सन हिच्या डोक्याला मार बसला आणि तिला काही सामने बाहेर बसावं लागलं. संघ एक जिंकायचा, एक हरायचा. मिनेसोटाविरुद्धच्या त्या पराभवानंतर हिशेब होता चौदा विजय, चौदा पराभव. चव्वेचाळीस सामन्यांच्या हंगामात अठ्ठावीस सामने उरकलेले.

विल्सननं मग संघाच्या ग्रुपवर संदेश टाकला. मतलब असा, की कालच्या खेळाची जिला लाज वाटली नसेल तिनं जिममध्ये पाऊलच टाकू नये. मुख्य खेळाडूनं रागावणं यात नवल नाही, आपल्याकडेही सामन्यानंतर असली भाषणं भरपूर होतात. नवल आहे ते पुढच्या दिवसाचं. पुढच्याच दिवशी त्यांचा गोल्डन स्टेट व्हॅल्किरीजशी सामना होता. रडायला, रुसायला, कुणामुळे हरलो यावर वाद घालायला सवड नाही. तो सामना एसेसनी जिंकला. त्याच्या पुढचाही. नियमित हंगाम संपेपर्यंत उरलेले सगळे, लागोपाठ सोळा.

या सोळा विजयांत मला सगळ्यात जास्त रस आहे तो एका खुर्चीत. ज्युएल लॉईडच्या.

लॉईड म्हणजे कोण, तर २०२३ मध्ये अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारी खेळाडू. सिअ‍ॅटलकडून दोन विजेतेपदं, टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. त्या मोठ्या पराभवानंतर तिचं नाव सुरुवातीच्या पाचांतून निघालं आणि ती बेंचवरून खेळायला लागली. ना तोंड वाकडं केलं, ना पत्रकारांसमोर टोमणे मारले.

बेंचवरून येणं म्हणजे काय असतं ते मैदानाजवळ उभं राहून बघायला हवं. पहिली पाच-सहा मिनिटं तुम्ही बसलेल्या असता, पण डोळे बसलेले नसतात. समोरची गार्ड चेंडू घेऊन कुठल्या हाताला वळते, त्यांची उंच खेळाडू रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, पुढून घुसते की मागून, पंच कुठल्या धक्क्याला शिट्टी मारतात आणि कुठल्या सोडून देतात, हे सगळं टिपायचं. मग स्कोअररच्या टेबलापाशी जाऊन गुडघ्यावर टेकून थांबायचं, हॉर्न वाजला की आत. तोवर आतल्या दहाही जणींना धाप लागलेली असते आणि तुमचे पाय ताजे असतात. लॉईडसारखी नेमबाज अशा वेळी आत आली तर समोरच्या संघाची काय गत होत असेल, विचार करा. अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात फिनिक्स मर्क्युरीविरुद्ध एसेस जेमतेम तीन गुणांनी जिंकल्या, ८९-८६. त्यात बेंचवरून आलेल्या डेना इव्हान्सचे २१ गुण होते आणि लॉईडचे १८. हे दोन आकडे काढून टाका आणि सामना कुठे गेला असता ते बघा.

आता आपल्या मैदानावर या. मुलगी पहिल्या पाचात नसली की संध्याकाळी घरून फोन येतो. 'काऊन मॅडम, पोरगी रोज पहाटे उठून येते, अन् तुम्ही तिले बसवून ठेवता?' आई-वडिलांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यांचं गणित सरळ आहे. वर्षाकाठी सामने मोजके, त्यातलाही एक पोरीनं बसून काढला तर तिला निवड समितीनं बघायचं केव्हा? चव्वेचाळीस सामने असतील तर बेंचवर बसणं ही एक कामगिरी होते. दोनच सामने असतील तर ती शिक्षाच वाटणार.

आणि आपल्याकडे सामने खरंच मोजके असतात. शालेय स्पर्धा घ्या. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. बहुतेक सगळं बाद फेरीचं. जिल्ह्यात पहिलाच सामना हरलात की वर्ष संपलं. जून ते सप्टेंबर घाम गाळायचा आणि चाळीस मिनिटांत बॅग भरून घरी. त्रेपन्न गुणांनी हरलेल्या आपल्या संघाला दुसऱ्या दिवशी सामनाच नसतो. त्या पराभवाचं करायचं काय, हे शिकायची संधीच मिळत नाही. मुली ते ओझं घेऊन थेट पुढच्या वर्षावर जातात. त्यातल्या काही जातच नाहीत. दहावी आली, बारावी आली, सुटलं.

एसेसच्या नावावर त्या नियमित हंगामात तीस विजय आहेत आणि चौदा पराभव. चौदा वेळा हरून विजेते. हरायलासुद्धा जागा लागते, आणि ती जागा म्हणजेच हंगाम.

बाद फेरीसुद्धा तिथं एका सामन्याची नसते. पहिल्या फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते. सिअ‍ॅटल स्टॉर्मनं एसेसना तिसऱ्या सामन्यापर्यंत ओढत नेलं, आणि तो एसेसनी जिंकला ७४-७३ असा. एका गुणानं! ऑगस्टमध्ये त्रेपन्ननं हरलेला संघ सप्टेंबरमध्ये एका गुणानं तरला. उपांत्य फेरीत इंडियाना फीवर. त्यांची स्टार खेळाडू केटलिन क्लार्क दुखापतीमुळे जुलैपासून बाहेर, आणखीही अर्धा संघ पट्ट्या बांधून बसलेला, तरी त्यांनी मालिका पाचव्या सामन्यापर्यंत नेली. तो सामना जादा वेळेत गेला. माझं विचाराल तर त्या हंगामातलं सगळ्यात झुंजार पथक इंडियानाचंच होतं, पण चषक झुंजीला मिळत नाही.

अंतिम मालिका त्या वर्षी पहिल्यांदाच सात सामन्यांची ठेवली होती. एसेसनी ती चारच सामन्यांत, ४-० अशी संपवली. दुसऱ्या सामन्यात एसेसच्या जॅकी यंगनं एकट्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये २१ गुण केले. आपल्याकडे कित्येकदा अख्ख्या संघाचे एका क्वार्टरमध्ये तेवढे होत नाहीत. तिसरा सामना फिनिक्सच्या घरी. एसेसकडे सतरा गुणांची आघाडी होती, ती त्यांनी घालवली. ८८-८८. शेवटची काही सेकंदं. चेंडू विल्सनकडे जाणार हे सभागृहातल्या शेंगदाणेवाल्यालाही कळलं असतं. दोघी बचावपटू तिच्या अंगाशी. सहा फूट चार इंच उंचीच्या या बाईनं पाठ वळवली, अंग फिरवलं, उडी मारली आणि दोघींच्या हातांवरून चेंडू सोडला. रिंगवर एक टप्पा खाऊन आत. घड्याळात उरले होते ०.३ सेकंद. ९०-८८.

ती क्लिप मी मुलींना दाखवली, पण त्यात चेंडू बघू नका म्हटलं. पाय बघा. डावा पाय कुठं रोवला, खांदा कुणाला टेकवला, उडी सरळ घेतली की मागे. चेंडू आत जाताना सगळेच बघतात.

त्या हंगामात लीगची सर्वोत्तम खेळाडू विल्सन, अंतिम मालिकेची सर्वोत्तम खेळाडू तीच, आणि सर्वोत्तम बचावपटूचा मान मिनेसोटाच्या अलाना स्मिथसोबत विभागून. लीगची सर्वोत्तम खेळाडू ती चौथ्यांदा झाली. चार वेळा हा मान मिळवणारी दुसरी कुणी अजून झालेली नाही.

तिकडं सगळं आलबेल आहे, असं मात्र समजू नका. याच हंगामात जुलैमध्ये ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याआधी वॉर्म-अपला खेळाडू 'आमचं देणं आम्हाला द्या' अशा मजकुराचे टी-शर्ट घालून उतरल्या होत्या. लीगची कमाई वाढते, आमचा वाटा का वाढत नाही, हा त्यांचा सवाल. वर्षानुवर्षं या खेळाडू हंगाम संपला की पोटासाठी रशियाला, तुर्कस्तानला खेळायला जात आल्या. संघांना चार्टर विमानं मिळाली तीही २०२४ मध्ये. तोवर सहा फूट चार इंच उंचीच्या बाईनं पाय साध्या विमानाच्या सीटमध्ये कोंबून प्रवास करायचा, आणि उतरल्यावर सामना.

आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला पगार मिळतो तो नोकरीचा. रेल्वेचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धांत इतकी वर्षं वरचढ आहे त्यामागेही हेच कारण: चांगली खेळाडू रेल्वेत लागते, कारण महिन्याच्या शेवटी पैसे येतात. यात कमीपणा काहीच नाही. नागपुरातल्या कितीतरी घरांत 'खेळ, पण नोकरी लागेल असं खेळ' हेच वाक्य असतं. केरळची गीतू अ‍ॅना जोस दक्षिण रेल्वेचीच. २००६ मध्ये ती ऑस्ट्रेलियात व्यावसायिक संघाकडून खेळली आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिला निवड चाचणीला बोलावलं. त्यातला एक संघ सॅन अँटोनियोचा. म्हणजे आजच्या लास वेगास एसेसचाच जुना अवतार. निवड झाली नाही. पण या संघाच्या दारापर्यंत एक भारतीय मुलगी जाऊन आलेली आहे, आणि ही गोष्ट मी सरावाला नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते.

मग आपण काय करायचं? चार्टर विमानं नकोत. मला हवी आहे फक्त साखळी. नागपुरात मुलींचे संघ आहेत, शिवाजीनगरसारखी जुनी मैदानं आहेत, कॉलेजांची कोर्ट आहेत. सहा संघ घ्या. प्रत्येकीनं प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. प्रत्येक संघाला दहा सामने, एकूण तीस. दर रविवारी तीन सामने धरले तर दहा रविवार. नोव्हेंबरच्या मध्यात सुरू करा, जानेवारीच्या शेवटी संपवा. तेव्हा नागपूरची हवा खेळायला सगळ्यात चांगली. मेमध्ये सकाळी साडेसातलाच सिमेंटचं कोर्ट बुटातून चटके द्यायला लागतं, आणि त्या सिमेंटवर रबरी चेंडू काही महिन्यांत असा गुळगुळीत होतो की हातात राहत नाही. हिवाळ्यात ती कटकट नाही.

हे मी काही जणांशी बोलले आहे. मैदान द्यायला लोक तयार आहेत. मुली तर तयारच आहेत. अडतं ते पंचांच्या मानधनावर आणि स्कोअररच्या टेबलावर बसायला दर रविवारी कोण येणार, यावर. पूर्वी खेळलेल्या, आता चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी जणी या शहरात आहेत. धरमपेठेत आहेत, मनीषनगरात आहेत, कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवते. फाउल कसा लिहायचा, चोवीस सेकंदांत चेंडू टाकायचा त्याचं घड्याळ केव्हा परत लावायचं, हे त्यांना झोपेतही येईल. बायांनो, ऐकत असाल तर रविवारी सकाळी दोन तास काढा. चहा-पोहे आमच्याकडून.

नमस्कार.