दुसरं सभागृह

(दृश्य: रिकामं सभागृह. जमिनीवर काळी टेप दाबणारे हात.)

पहिलं सत्र सुरू व्हायला दोन तास आहेत. बॅनर अजून टांगायचाय, खुर्च्या अर्ध्याच लागल्यात. केबलींचं काम मात्र कधीच सुरू झालंय. मंचापासून मिक्सरपर्यंतची, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रापर्यंतची, प्रत्येक केबल गॅफर टेपखाली जातेय. ही टेप कापडी असते, ओढली की स्वच्छ निघते. खाकी पॅकिंग टेप लावली, तर केबलीवर चिकटा राहतो आणि पुढच्या परिषदेपर्यंत त्यावर धूळ जमते.

परिषदेच्या पत्रकात ‘ऑनलाइन सहभागाची सोय आहे’ एवढीच ओळ असते. ती खरी करायची, तर या सभागृहाला जोडून आणखी एक सभागृह उभारावं लागतं. त्याला भिंती नसतात, इतकंच.

(दृश्य: जगाचा नकाशा, चार शहरांवर दिवे.)

ही कल्पना महासाथीच्या आधीची आहे. २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेनं एक अख्खी परिषद विमानप्रवासाशिवाय घेतली. भाषणं आधीच चित्रित केलेली, प्रश्नोत्तरं लेखी. २०१८ मध्ये संगीताच्या आकलनावरची आंतरराष्ट्रीय परिषद ग्रात्स, माँट्रियल, ला प्लाटा आणि सिडनी या चार शहरांत मिळून भरली. मग २०२० साल आलं. अमेरिकन फिजिकल सोसायटीची डेन्व्हरमधली दहा हजारांवर लोकांची सभा ऐनवेळी, जेमतेम दीड दिवस आधी रद्द झाली. त्या वर्षी सगळेच घाईघाईत शिकले, आणि घाईत लागलेली एक सवय अजून सुटलेली नाही: टेबलावर लॅपटॉप उघडायचा, त्याचाच माईक, त्याचाच कॅमेरा. झाली सोय!

(दृश्य: वक्ता मंचावर. आवाज लॅपटॉपच्या माईकचा.)

हे ऐका. वक्ता लॅपटॉपपासून सहा मीटरवर आहे. शब्दांपेक्षा भिंतींवरून परतलेला आवाजच जास्त येतोय, मध्ये पंखा, मध्ये कुणाची खुर्ची.

(दृश्य: तोच वक्ता, आवाज कॉलर माईकचा.)

आता तेच वाक्य, कॉलर माईकवरून. माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, ओळखपत्राच्या दोरीपासून दूर. दोरी माईकला घासली की ऑनलाइन ऐकणाऱ्याला नुसती खरखर येते आणि सभागृहात कुणाला पत्ताही लागत नाही. चित्र थोडं अडखळलं तर माणसं चालवून घेतात. आवाज अडखळला की पाच मिनिटांत निघून जातात.

(दृश्य: मिक्सर जवळून. एका नॉबवर बोट.)

सगळं अडतं ते या नॉबवर. मिक्सरमधून आवाज दोन वाटांनी बाहेर पडतो. एक वाट सभागृहाच्या स्पीकरकडे. दुसरी, जिला ऑक्स म्हणतात, ऑनलाइन मीटिंग चालवणाऱ्या लॅपटॉपकडे. ऑनलाइन माणसाचा आवाज त्याच लॅपटॉपमधून मिक्सरच्या एका चॅनलवर येतो. तो स्पीकरकडे जायला हवा, पण ऑक्सवर जाता कामा नये. म्हणून त्या चॅनलचा ऑक्सचा नॉब शून्यावर. याला मिक्स-मायनस म्हणतात: तिकडच्या माणसाला इकडचं सगळं पाठवायचं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. नॉब थोडा जरी वर राहिला, तरी बोलणाऱ्याला आपलंच वाक्य क्षणभरानं परत ऐकू येतं. स्वतःचा आवाज असा मागून आला की भलेभले अडखळतात, आणि बाहेरून वाटतं, तयारी करून आले नाहीत.

ऑक्स प्री-फेडर ठेवायचा, म्हणजे आवाजाची पट्टी (फेडर) लागायच्या आधीच घ्यायचा, म्हणजे मग सभागृहाचा आवाज कमी-जास्त केला तरी ऑनलाइनचा बदलत नाही. मिक्सरची तार लॅपटॉपच्या माईकच्या भोकात थेट खुपसायची नाही. मिक्सरचा सिग्नल माईकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी पट मोठा असतो, आवाज फुटतो. मध्ये यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागतो, मिक्सरचा आवाज लॅपटॉपला झेपेल असा करून देणारी छोटी डबी. घुरघुर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबली, तर दोष अर्थिंगच्या लूपचा, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थिंगला जोडल्याचा. आवाजाच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, तो आवाज जाऊ देतो पण तारांचा थेट जोड तोडतो.

(दृश्य: अचानक कर्कश शिट्टी. सगळे कान झाकतात.)

ही शिट्टी मिक्सरची नव्हे. स्लाइड दाखवायला वक्त्यानं स्वतःचा लॅपटॉप मीटिंगला जोडला आणि माईक, स्पीकर दोन्ही चालू ठेवले. नुसतं म्यूट करून भागत नाही. माईक बंद होतो, पण स्पीकरमधून सभागृहाचा आवाज उशिरानं घुमत राहतो. जोडतानाच ‘ऑडिओशिवाय’ हा पर्याय निवडायचा. सभागृहात मीटिंगचा आवाज असलेलं यंत्र एकच.

(दृश्य: पडद्यावर लेझरचा लाल ठिपका. शेजारी ऑनलाइन पडदा, ठिपका नाही.)

शेजारी शेजारी पाहा. लेझरचा ठिपका भिंतीवरच्या पडद्यावर पडतो, स्लाइडमध्ये नाही. वक्ता म्हणतो, ‘हा वक्र इथे वळतो’, आणि घरी बसलेला माणूस चार वक्रांपैकी कोणता ते शोधत बसतो. लेझर काढून घ्या, माऊसचा बाण मोठा करून द्या.

कॅमेरा मागच्या भिंतीशी असेल, तर एचडीएमआयची साधी केबल लांबवू नका. दहा-पंधरा मीटरपुढे तिचा भरवसा नाही, चित्र मध्येच काळं होतं. तिथे एसडीआय हवी, लांब अंतरासाठीची व्हिडिओ केबल. लॅपटॉपला इंटरनेट मात्र तारेनंच. एचडी चित्राला दोन्ही दिशांना चार-चार मेगाबिट पुरतात. प्रश्न वेगाचा नसतोच, स्थिरतेचा असतो. तीनशे माणसं म्हणजे फोन आणि लॅपटॉप धरून सहाशे यंत्रं एकाच वायफायवर. सकाळी रिकाम्या सभागृहात चाचणी झकास होते, चहानंतर सगळं गोठतं.

(दृश्य: पहिल्या रांगेत कान-फोन लावलेली व्यक्ती, समोर दोन पडदे.)

हे सत्रसहायक. सत्राध्यक्षांकडे हे काम देऊ नये. भाषण ऐकायचं, घड्याळ पाहायचं आणि चॅटही वाचायचं, हे एका माणसाचं काम नव्हे. सहायक ऑनलाइन पाहुण्यांच्याच वाटेनं ऐकतात, कारण आवाज गेला तर तो सभागृहात गेलेला नसतो. त्यांच्या हातात दोन पाट्या असतात: ‘आवाज नाही’ आणि ‘प्रश्न आहे’. सभागृहातला प्रश्न माईकशिवाय विचारला गेला की पहिली पाटी वर जाते, आणि अध्यक्ष प्रश्न पुन्हा सांगतात.

मीटिंगमधला माणूस सभागृहाच्या अर्धा सेकंदही मागे नसतो. थेट प्रक्षेपण पाहणारा दहा ते तीस सेकंद मागे असतो. ‘काही प्रश्न?’ हे त्याला ऐकू येतं, तोवर इथे आभार मानून झालेले असतात. प्रश्न विचारायचा हक्क द्यायचा असेल, तर दुवा मीटिंगचा द्या, प्रक्षेपणाचा नको.

(दृश्य: घड्याळांची रांग.)

पृथ्वीवरची घड्याळं एकूण सव्वीस तासांत पसरलेली आहेत. सगळ्यांना सोयीची वेळ शोधू नका, ती नाही. इथे सकाळचे नऊ, तेव्हा आठ तास पश्चिमेला रात्रीचा एक. अशा वक्त्याकडून बारा मिनिटांचं चित्रण आधी मागवा आणि ते मंचावरच्या संगणकावरून थेट वाजवा. पडदा शेअर करून वाजवायची वेळ आलीच, तर ‘संगणकाचा आवाज’ ही खूण करायला विसरू नका. ती राहते, दर परिषदेत राहते.

व्हिसा न मिळालेले, तान्हं मूल असलेले, प्रवासखर्च न झेपणारे असे अनेक जण या सोयीमुळेच निबंध वाचू शकतात. पूर्ण ऑनलाइन परिषदेत कार्बन उत्सर्जन ९४ टक्क्यांनी घटतं, असा २०२१ मधल्या एका अभ्यासाचा हिशेब आहे.

(दृश्य: सभागृह भरलेलं. टाळ्या.)

भाषण संपलं. पंधरा मिनिटांतली तीन उरलीत. ऑनलाइनचा प्रश्न शेवटी घेतला की वेळ संपतेच, म्हणून अध्यक्षांच्या टिपणावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: पहिला प्रश्न तिकडचा.

(दृश्य: पहिल्या रांगेत दुसरी पाटी वर. पडद्यावर एक चेहरा, मागे अंधारी खिडकी. आवाज स्वच्छ.)