शेड नको, शेवटची बस द्या

मंडळी, विषय जरा रुक्ष आहे, निधी, योजना, बैठका वगैरे, पण आज इथे आलेल्यांपैकी बसने कोणीच आलेलं दिसत नाही, कारण कार्यक्रम सुटल्यावर घरी न्यायला बस नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे प्रस्तावना करत बसत नाही.

आपल्याकडे गोव्यात बसची मागणी केली की काय मिळतं? शेड मिळते. छान रंगवलेली, बाकडं असलेली, वर नाव लिहिलेली. शेडबद्दल माझी तक्रार नाही, पावसात ती लागतेच, पण शेड पटकन का मिळते नि बस का मिळत नाही हे जरा समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. सरकारी पैसा दोन तऱ्हेचा असतो, एक वस्तू उभी करायला आणि दुसरा ती रोज चालवायला. खासदार निधी बघा, एका खासदाराला वर्षाला 5 कोटी, आपले लोकसभेचे 2 आणि राज्यसभेचा 1, म्हणजे गोव्याला 15 कोटी. त्यातून शेड बांधता येते. डिझेल भरता येत नाही, ड्रायव्हरचा पगार देता येत नाही, नियमातच बसत नाही. 2021 ते 2026 या काळात पंचायतीकडे आलेल्या 15व्या वित्त आयोगाच्या पैशाचं तेच, 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेल्या 40 टक्क्यांत गावाच्या गरजेचं काही करा, पण पगार त्यातूनही नव्हता. आणि खरं सांगायचं तर शेडवर नाव घालता येतं, रात्री साडेआठच्या फेरीवर कोणाचं नाव घालणार!

आता कोणीतरी म्हणेल केंद्राच्या मोठमोठ्या योजना आहेत की. आहेत. 2023 मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर झाली, 10,000 इलेक्ट्रिक बस, पण शहर 3 लाख लोकसंख्येच्या वरचं पाहिजे, तेही 2011 च्या जनगणनेप्रमाणे, सूट आहे ती केंद्रशासित प्रदेश, ईशान्य आणि डोंगराळ राज्यांच्या राजधान्यांना. आमची पणजी तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास, मडगाव-वास्कोसुद्धा 3 लाखांच्या जवळपास नाहीत. मग 2024 ला पीएम ई-ड्राइव्ह आली, तिच्यात बससाठी 4,391 कोटी, पण 40 लाखांवरच्या शहरांना. अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 14 लाख 58 हजार! म्हणजे आपण सगळे पेडणे ते काणकोण एका ठिकाणी येऊन राहिलो तरी त्या रांगेत उभे राहू शकत नाही. आपलं खेडं-शहर एकात एक मिसळलेलं आहे, माणूस राहतो सत्तरीच्या खेड्यात नि कामाला जातो वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, आणि योजना मोजते ती शहराच्या हद्दीतली डोकी.

तरी त्या 2023 च्या ई-बस योजनेतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे पैसे किलोमीटरवर देणं. केंद्र 12 मीटरच्या बसला किलोमीटरमागे 24 रुपये देतं, 9 मीटरच्या बसला 22. बस भरलेली असो की रिकामी, ठरलेल्या वेळी ठरलेला रस्ता धावली की पैसे. आपल्याकडच्या खाजगी बसचं उलट आहे, तिथे दिवसाच्या कलेक्शनवर सगळं चालतं, म्हणून म्हापशात दहा दहा मिनिटं थांबून "पणजी पणजी" ओरडायचं, मग मागची बस दिसली की सुसाट सुटायचं, आत "फुडें वच, फुडें वच" चालूच, आणि संध्याकाळची शेवटची ट्रिप चार माणसांसाठी कशाला मारा म्हणून गाडी घरी. कंडक्टरला शिव्या घालून काही होणार नाही, रिकाम्या बसचं डिझेल त्याच्या मालकाच्या खिशातून जातं. 2023 ला गोवा सरकारची म्हजी बस (म्हणजे माझी बस) योजना आली, खाजगी बसवाल्यांना कदंब या सरकारी बस महामंडळाच्या छत्राखाली घेऊन किलोमीटरवर पैसे द्यायचे, कल्पना माझ्या मते अगदी बरोबर आहे, ती तुमच्या रस्त्यावर कधी येणार हे विचारणं आपलं काम.

तोटा म्हटलं की लोक लगेच गप्प होतात. फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही, चोडण बेटाची फेरीबोट तोट्यात आहे म्हणून बंद करा असं कोणी म्हटलेलं ऐकलंय का? नदी ओलांडणं हा हक्क आणि डोंगर उतरून डिचोलीला येणं मात्र धंदा, हा हिशेब मला पटत नाही.

आणि मागून मिळत नाही असंही नाही. 1978-79 ला इथल्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात 50 टक्के सवलतीसाठी जे आंदोलन केलं ते इथल्या मोठ्यांना आठवत असेल, लाठ्या खाल्ल्या पोरांनी, सवलत घेतलीच आणि पाठोपाठ 1980 ला कदंब महामंडळ उभं राहिलं. त्यांची मागणी एका वाक्यात मावत होती, हे महत्त्वाचं.

आपल्या ग्रामसभेत बसचा विषय कसा येतो? रविवारी सकाळी, कचरा झाला, बांधकाम परवाने झाले, भांडण झालं, मग शेवटी ऐनवेळच्या विषयात कोणीतरी उठून म्हणतो "बसची गैरसोय होते", सरपंच म्हणतात कळवतो, संपलं. "गैरसोय" या शब्दावर आरटीओ काय करणार? शिवाय जिला बस खरोखर लागते ती बाई, दुकानात रात्री आठपर्यंत उभी असणारी, ती रविवारी सभेला येतच नाही. तेव्हा आधी तिच्याकडे जा. आठवडाभर कोणीतरी स्टॉपवर उभं राहून वहीत लिहा, किती वाजता किती माणसं होती, कोण पायलटला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, पैसे देऊन गेलं, कोणाला मुलगा न्यायला आला. मग माहिती अधिकारात अर्ज, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर, विचारायचं एवढंच की या रस्त्यावर कोणत्या परमिटला कोणत्या वेळा दिल्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 72 खाली परमिटला रस्ता आणि वेळापत्रकाच्या अटी घालता येतात. साडेआठची वेळ कागदावर असेल आणि बस येत नसेल तर तो अटीचा भंग, त्याला नवीन पैसा लागतच नाही. वेळ कागदावरच नसेल तर मात्र कदंबकडे फेरी मागायची आणि त्या किलोमीटरचे पैसे सरकारने भरावेत असं ठरावात स्पष्ट लिहायचं.

एका पंचायतीच्या ठरावाने भागणार नाही हेही सांगतो. सत्तरीतल्या केरीहून निघालेली बस केरी, पर्ये या दोन पंचायती करत साखळी आणि डिचोली या दोन पालिकांच्या हद्दीतून जाते, चारही ठिकाणी एकाच मजकुराचा ठराव झाला तर आमदारांना तो विधानसभेत मांडायला बरा पडतो, नाहीतर प्रत्येक गाव आपापली वेळ मागतो आणि अधिकारी म्हणतो आधी तुमचं तुम्ही ठरवा. साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला असतात आणि राज्याचा अर्थसंकल्प बहुतेक फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे जानेवारीत ठराव घेतला तर आकडे आधीच ठरलेले असतात. ऑक्टोबरची सभा धरा, विषय सचिवांकडे आधीच लेखी द्या आणि पोच घ्या, म्हणजे तो ऐनवेळच्या विषयात ढकलला जाणार नाही.