चेहरा शेवटी

नमस्कार श्रोतेहो.

माणसांची रेखाटनं करायची म्हटलं की बहुतेक जण थेट डोळे-नाक काढायला बसतात, आणि चित्र तिथंच फसतं. माझं ऐकाल तर चेहरा शेवटी ठेवा. राहिला तरी बिघडत नाही. ओळखीचा माणूस पाठमोरा, लांबून जाताना दिसला तरी आपण ओळखतोच की! ओळखतो ते त्याच्या ढबीवरून.

ही ढब ठरते अंगाचा भार कुठं आहे त्यावर. बसची वाट पाहत उभं असलेलं कुणीही बघा. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन फार वेळ कुणी उभं राहत नाही. भार एका पायावर जातो, त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि तोल राखायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. दुसरा गुडघा सैल. आता एक डोळा मिटून पेन्सिल उभी धरा. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली आलेली रेघ भार असलेल्या पायाच्या घोट्याजवळ उतरते. कागदावर ती भलतीकडे गेली की माणूस आत्ता पडेल असं वाटतं. मग शेडिंग कितीही सुरेख करा, उपयोग नाही.

वाट पाहणारी माणसं हलतात खरी, पण थोड्या वेळानं बहुधा पुन्हा त्याच ढबीत येतात. म्हणून एकाच पानावर तीन-चार रेखाटनं सुरू ठेवावीत. ज्याची ढब परत आली, त्यावर हात चालवावा.

गर्दी काढायची भीती वाटते? जमीन सपाट असेल आणि तुम्ही उभे असाल, तर साधारण तुमच्या उंचीच्या सगळ्यांचे डोळे, जवळ असोत की लांब, एकाच आडव्या रेषेवर येतात. फरक पडतो तो पायांत: माणूस जितका लांब, तितके त्याचे पाय कागदावर वर. तुम्ही बाकावर बसलात की तीच रेषा उभ्या माणसांच्या छातीपोटाशी येते.

जपानचा चित्रकार होकुसाई याच्या रेखाटनांचे खंड १८१४पासून निघू लागले, एकूण १५ झाले. त्यात कामात गढलेली, अंघोळ करणारी, लठ्ठ, हडकुळी अशी कितीतरी माणसं आहेत. चेहरे मोजक्या रेघांत उरकलेले, पण पाठीचा बाक मात्र नेमका.

लिओनार्दो दा विंची तर चित्रकारांना सांगून गेलाय, की छोटी वही कायम जवळ बाळगा; बोलणारी, भांडणारी, हसणारी माणसं चार रेघांत टिपा. आणि कागद रंग दिलेला घ्या, म्हणजे खोडता येणार नाही. मला हे फार पटतं. खोडरबर हातात असला की नजर माणसावरून उठून कागदावरच खिळते.

समोरचा मध्येच उठून गेला, तर जाऊ द्या. अर्धवट राहिलेलं घरी पूर्ण करू नका. घरी भरलेला हात कुणाचाही असू शकतो. त्याच पानावर, शेजारी, पुढच्या माणसाला घ्या.