कोपरखैरण्याची पिपाणी

[दृश्य: पहाट. माथाडी वसाहत. बैठ्या घरांवर चढवलेले मजले, निळे पत्रे, वाळत घातलेले कपडे. वरून एक विमान चाकं बाहेर काढून जातं.]

निवेदन:
मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं वाशी-कोपरखैरण्याच्या डोक्यावरून जातात. धावपट्टी इथून बारा-तेरा किलोमीटर. विमान तीन अंशांच्या उतरणीवर असतं, म्हणजे हिशेब केला तर या पत्र्यांच्या वर साधारण दोन हजार फूट. इथे विमान आलं म्हणून कुणाचं बोलणं थांबत नाही. आवाज थोडा चढवायचा आणि पुढे बोलायचं.

या घरात मात्र एक वेगळा आवाज येतो. माळ्यावरून. जत्रेतल्या पिपाणीसारखा.

[दृश्य: लोखंडी जिना. माळा. जुना कॉम्प्युटर, टेबलाला दोरीने बांधलेली जॉयस्टिक.]

निवेदन:
घरात सगळे तिला ताई म्हणतात, आपणही तेच म्हणू. कॉलेजचं पहिलं वर्ष. कॉम्प्युटर जुन्या बाजारातला, जॉयस्टिक कुणाची तरी वापरलेली, आणि सिम्युलेटर फ्लाइटगिअर, जो फुकट मिळतो. खऱ्या विमानातल्या एका तासाच्या पैशात या घराचा महिन्याचा किराणा निघेल. त्यामुळे सध्या आकाश आहे ते एवढंच, सतरा इंची.

गेले काही आठवडे ती उडायला शिकत नाहीये. पडायला शिकतेय.

[ध्वनी: पिपाणी. खालून आबांचा आवाज: “पोरी, सकाळच्या पारी काय वाजवतीस?”]

निवेदन:
सेसना १७२ या छोट्या विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. पंख हवेत फार तिरका होऊ लागला की त्या भोकापाशी हवा आत ढकलली जाण्याऐवजी बाहेर ओढली जाते, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला बाजाच्या पेटीत असते तशी एक पट्टी थरथरते. बॅटरी नाही, तार नाही. स्टॉल व्हायच्या पाच ते दहा नॉट आधी ती वाजू लागते. नॉट म्हणजे विमानाच्या वेगाचं माप. एक नॉट म्हणजे ताशी पावणेदोन-दोन किलोमीटर.

स्टॉल या शब्दाने मराठी माणसाची दोनदा फसगत होते. एक तर वडापाव आठवतो. दुसरं म्हणजे सिग्नलला गाडी बंद पडली की आपण ती स्टॉल झाली म्हणतो, त्यामुळे विमानाचंही इंजिन बंद पडत असेल असं वाटतं. इंजिनाचा इथे संबंध नाही. इंजिन जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होतं. स्टॉल होतो पंख.

[दृश्य: ताईने वहीत काढलेलं पंखाचं चित्र. पेन्सिलीने काढलेल्या हवेच्या रेषा.]

निवेदन:
पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यात एक कोन असतो. वैमानिक त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. नाक उचललं की कोन वाढतो, आणि काही अंशांपर्यंत पंख जास्त उचलही देतो. पण साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे पंखाच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा सुटते. तिथे भोवरे उठतात. उचल एकदम ढासळते आणि नाक खाली जातं.

स्टॉल ठरतो या कोनावर. नाक कुठे रोखलंय याच्याशी त्याचा थेट संबंध नाही, आणि वेगाशीही नाही. पुस्तकात स्टॉलचा वेग छापलेला असतो. फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखाच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्या, बंद ठेवून सरळ उडणाऱ्या, पूर्ण भरलेल्या सेसना १७२ चा तो पन्नासेक नॉट धरा. ती खूण फक्त सरळ उडतानाची. वळलात की खूण सरकते.

हे ताईने आबांना समजावलं, तेव्हा आबांनीच ते आम्हाला जास्त चांगलं समजावलं.

[दृश्य: आबा ओट्यावर. हातात चहा.]

आबा: “मी वाशीला कांदा-बटाटा मार्केटात होतो. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन सरळ चालायला काय वाटत नाही. पळत पळत वळलं, की तीच गोणी जड होती. माणूस घसरतो तो वळणावर. ही म्हणती, इमानाचं तसंच.”

निवेदन:
तसंच. विमान ६० अंश कलवून, उंची न सोडता वळवलं, तर पंखाला दुप्पट वजन पेलावं लागतं. पन्नासची गोणी शंभरची होते, आणि स्टॉलचा वेग दुपटीच्या वर्गमुळाने वाढतो: ५० नॉटचा ७० होतो. ४५ अंशांच्या वळणात तो साठाच्या जवळ जातो. धावपट्टीकडे वळताना वळण हुकतंय असं वाटून कुणी दांडा, म्हणजे नाक वर-खाली करायची मूठ, आणखी ओढला, तर वेगाचा काटा ठीक दिसत असतानाच पंख सोडून देतो. आणि तिथे खाली सावरायला उंची नसते.

[दृश्य: स्क्रीन. खाली ठाणे खाडी, वाशीचा पूल. उंची ३,००० फूट.]

निवेदन:
ताई सराव खाडीवर करते. पहिल्या दिवशी काय झालं ते तिच्याच तोंडून ऐका.

ताई: “पिपाणी वाजली, नाक पडलं, समोर नुसतं पाणी. मी जॉयस्टिक पोटाशी ओढून धरली. जेवढी ओढू तेवढं ते डुचमळत खाली. मग डावा पंख पडला, म्हणून मी उजवीकडे झुकवलं, तर ते गरगरायलाच लागलं. पुलाच्या बाजूला पाण्यात. आबा म्हणाले, भाकरी खा आधी.”

निवेदन:
दोन्ही चुका समजून घेण्यासारख्या आहेत, कारण त्या अगदी शहाण्या वाटतात.

पहिली. जमीन अंगावर येतेय म्हणून दांडा ओढणं. पण ओढल्याने कोन आणखी वाढतो, म्हणजे ज्या कारणाने पडलो तेच आपण हाताने घट्ट धरून ठेवतो.

दुसरी जास्त फसवी. डावा पंख पडला की उजवीकडे झुकवावंसं वाटतं. तसं केलं की डाव्या पंखाच्या मागची फळी, म्हणजे एलेरॉन, खाली जाते आणि त्या टोकाला कोन वाढतो. जो पंख आधीच मेलाय त्यालाच आपण आणखी मारतो. तो जास्त पडतो, विमान त्याच्याभोवती फिरू लागतं. त्याला स्पिन म्हणतात. म्हणून पंख पडू लागला की एलेरॉनने नाही, तर पायाने, रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या फळीने, नाकाचं वळणं थांबवायचं. ताईकडे रडरचं पायडल नाही. ती जॉयस्टिकची मूठ पिळते, आणि पायाची सवय हाताला लावल्याचं तिला वाईट वाटतं. मला तरी ते बरोबर वाटतं, वाईट वाटणं.

सावरण्याचा क्रम सांगायला सोपा आहे. दांडा पुढे, कोन मोडेपर्यंत. हे पहिलं, बाकी सगळं नंतर. मग पंख सपाट, इंजिनाला पूर्ण ताकद, आणि वेग आल्यावर हलक्या हाताने नाक वर. घाईने उचललं तर पिपाणी परत वाजते. त्याला दुसरा स्टॉल म्हणतात, आणि शिकाऊ माणूस पहिल्यापेक्षा त्यातच जास्त अडकतो. दांडा पुढे म्हणजे डाइव्ह मारायचा असंही नाही. लहान विमानात पुष्कळदा ओढ सोडली तरी पुरतं.

[दृश्य: काळा पडदा. मग समुद्र.]

निवेदन:
हे नवशिक्यांचं झालं, असं वाटत असेल तर एक रात्र आठवावी लागेल. १ जून २००९. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७, एअरबस ए३३०, अटलांटिकवर. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ गोठला, वेगाचे आकडे बिघडले आणि ऑटोपायलट सुटलं. विमान तेव्हा ३५,००० फुटांवर, धडधाकट होतं. हातात विमान असलेल्या सहवैमानिकाने नाक वर घेतलं. विमान ३८,००० फुटांपर्यंत चढलं, स्टॉल झालं, आणि पडू लागलं. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्यावर आदळेपर्यंत ४ मिनिटं २३ सेकंद. त्यातला बहुतेक वेळ त्याची काठी मागेच ओढलेली होती. २२८ माणसं गेली.

त्यातली एक गोष्ट मला सोडत नाही. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की त्या यंत्रणेला कोनाच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नव्हता, म्हणून इशारा बंद होत होता. म्हणजे काठी ओढली की शांतता, आणि कुणी योग्य ते करून नाक खाली नेलं की “स्टॉल, स्टॉल” पुन्हा सुरू. बरोबर वागलं की ओरडा, चुकलं की शाबासकी.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडलं होतं. तिथेही इशारा मिळाल्यावर कॅप्टनने दांडा ओढला होता. त्या काळी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये स्टॉलच्या उंबऱ्यापर्यंतच नेत, आणि उंची किती कमी गमावली यावर जोखत. उंची गमवायची नाही हे मनात ठसलं, की हात पुढे जाणार कसा? नंतर शिकवणी बदलली: आधी कोन, उंचीचं नंतर पाहू. मार्च २०१९ पासून अमेरिकेतल्या एअरलाइनच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये पूर्ण स्टॉल करून दाखवावा लागतो.

[दृश्य: माळा. दुपार. टेबलफॅन.]

निवेदन:
मग ताईचा सतरा इंची स्टॉल खरा किती?

अर्धाच. खऱ्या विमानात स्टॉलच्या आधी दांडा हातात ढिला पडतो, अंग थरथरतं, पोटात खड्डा पडतो. तिच्या जॉयस्टिकची स्प्रिंग १०० नॉटला जेवढी ताठ तेवढीच ५० ला. खुर्ची प्लास्टिकची, ती हलत नाही. शिवाय हवा सुटल्यानंतर विमान नेमकं कसं वागेल याचं मोजमाप मोठ्या सिम्युलेटरांकडेही फार काळ तोकडंच होतं; घरच्या सिम्युलेटरमधली स्पिन तर अंदाजाने काढलेलं चित्र समजावं. पण क्रम खरा आहे, आणि हाताची खोड मोडणंही खरं आहे. पहिल्या आठवड्यात तिचे सातआठशे फूट जायचे. आता दीड-दोनशे.

[दृश्य: संध्याकाळ. खाडीकाठ, तिवरं. चिखलावर उतरणारा बगळा.]

निवेदन:
खाडीवर हाच प्रकार रोज जाणूनबुजून होतो. बगळा उतरताना शेवटच्या क्षणी पंख जवळजवळ उभे करतो. पंखाच्या पाठीवरची पिसं उलटी उठतात, कारण तिथली हवा सुटलेली असते. तो स्टॉल होतो, पण चिखलापासून वीतभर उंचीवर. पंखाच्या अंगठ्याशी एक छोटा पिसांचा झुबका असतो, तो पुढे काढून बगळा हवेला थोडा वेळ धरून ठेवतो. मोठ्या विमानांच्या पंखांच्या पुढच्या कडेला उतरताना ज्या पट्ट्या बाहेर येतात, त्या हेच काम करतात.

[दृश्य: माळा. रात्र. आबा खुर्चीत, जॉयस्टिक हातात. ताई मागे उभी.]

ताई: “ओढा. अजून ओढा, आबा.”

[ध्वनी: पिपाणी. स्क्रीनवर नाक पडतं.]

आबा: “आगं, गेलं गेलं!”

ताई: “सोडा. आबा, हात सोडा!”

[आबा हात सोडतात. नाक आपोआप खाली झुकतं, वेगाचा काटा चढतो, पिपाणी थांबते. उंची २,६०० फूट.]

आबा: “एवढंच व्हय?”

[ते पुन्हा मूठ धरतात आणि गेलेली उंची मिळवायला जोरात ओढतात.]

[ध्वनी: पिपाणी.]