पाणंदीची फेरी : रंकाळा ते कसबा बीड

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या एकमेकींना मिळत प्रयाग चिखलीला येतात आणि तिथून पुढे पंचगंगा म्हणून वाहतात. त्यामुळे कोल्हापुरातून सायकलवर पश्चिमेला निघून दुसऱ्या वाटेने घरी परतायचे असेल, तर केवळ रस्ते बघून भागत नाही. नदी कुठे ओलांडता येईल, याची खूण नकाशावर सर्वांत आधी करावी लागते.

आज आपण आखत असलेली फेरी साधारण ४० किलोमीटरची आहे. शहरातल्या रंकाळा तलावावरून फुलेवाडीमार्गे बालिंग्याला जायचे, तिथल्या पुलावरून भोगावती ओलांडायची, कसबा बीडपर्यंत पोहोचायचे आणि हळदीच्या बाजूला येऊन राधानगरी रस्त्याने शहरात परतायचे. या गावांना जोडणारे डांबरी रस्ते आहेतच. परंतु आपल्याला हवी आहे ती पाणंद, म्हणजे शिवाराशिवारांतून गेलेली, कुठे मुरूम टाकलेली तर कुठे नुसत्या मातीची, बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेली वाट.

जाताना बालिंग्याला पूल आहे. परतीच्या वाटेवर मात्र हीच भोगावती पुन्हा आडवी येते आणि तिथे आपली भिस्त बंधाऱ्यावर असते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीपात्रात ओळीने उभे केलेले दगडी खांब आणि त्या खांबांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. खांबांवरचा अरुंद माथा हाच दोन्ही काठांच्या गावांचा रस्ता होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हा माथाच पाण्याखाली जातो. शहराजवळच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते. पण भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, कोगे हे बंधारे त्याच्या पुष्कळ आधी बुडालेले असतात. म्हणून ही फेरी पावसाळ्यात आखूच नये. पाणी माथ्यावरून घोटाभर वाहत असले, तरी सायकल मागे वळवावी, हे आम्ही अत्यंत कळकळीने सांगत आहोत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. ऑक्टोबरमधल्या आमच्या पहिल्या पाहणीत आदल्या रात्री परतीच्या पावसाची एकच सर पडून गेली होती. पाणंदीतली काळी माती टायरला चिकटत चिकटत फ्रेमपर्यंत भरली, चाक फिरायचे थांबले आणि दीड किलोमीटर सायकल खांद्यावर घ्यावी लागली. त्या दिवसापासून मुरमाची पाणंद आणि मातीची पाणंद नकाशावर आम्ही वेगवेगळ्या रंगांनी दाखवतो. मोबाइलमधल्या नकाशावर दोन्ही सारख्याच दिसतात; त्यामुळे वाट पक्की करण्याआधी बांधावर उभ्या असलेल्या माणसाला "मामा, ही पाणंद पलीकडं निघते का?" असे विचारणे भागच आहे, कारण काही वाटा एखाद्याच्या उसाच्या फडात जाऊन संपतात.

टायर किमान ४० मिलिमीटर रुंदीचा असावा आणि हवा डांबरी रस्त्यावरच्यापेक्षा कमी ठेवावी. बाभळीचा काटा इथला खरा शत्रू आहे. सीलंट (बारीक छिद्र आतून बुजवणारा द्रव) घातलेले ट्यूबलेस टायर असले तरी एक जादा ट्यूब आणि पंप सोबत हवाच. वेळेचा हिशेब करताना पाणंदीवर ताशी १२ ते १४ किलोमीटरच धरावेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ गळिताचा, म्हणजे ऊस गाळपाचा, असल्याने रस्त्यावर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांच्या मागे रेंगाळू नये आणि सांडलेल्या पाचटावर ब्रेक दाबू नये, कारण चाक सरकते. पण या ऋतूचे देणेही तेवढेच मोठे आहे. वाटेत एखादे गुऱ्हाळ चालू दिसले, तर घड्याळ बाजूला ठेवून थांबावे. चुलाणात चिपाडे ढकलली जात असतात, काहिलीत रस उकळत असतो आणि भेंडीच्या रसाने वर आलेली काळपट मळी काढून टाकली की खालचा रस सोनेरी होत जातो. गुळव्या त्यातला थेंब पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो.

कसबा बीडमध्ये शिलाहार राजघराण्याच्या काळाची आठवण सांगणारे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, आहेत. इथे अर्धा तास राखून ठेवावा आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात. पुढे बंधाऱ्यावर पोहोचल्यावर उतरून सायकल हाताने न्यावी. माथा अरुंद असतो आणि समोरून वैरणीचा भारा घेतलेली दुचाकी आली, तर कडेला उभे राहून तिला आधी जाऊ द्यावे. एका बाजूला पाणी काठोकाठ स्थिर असते आणि दुसऱ्या बाजूला बरग्यांच्या फटींतून ते आवाज करत खाली पडत असते.

राधानगरी रस्त्यावर आल्यावर वाहने वाढतात. वाशी मागे टाकली की पुईखडीचा चढ येतो. थकल्या पायांसाठी हलका गिअर इथपर्यंत राखून ठेवावा, कारण तो चढ संपल्यावरच उतारावरून रंकाळ्याकडे जायचे असते.