आधी हवा, मग कापड

श्रोतेहो, नमस्कार.

चिंचलीला मायाक्काच्या यात्रेत भंडारा उधळला की कॅमेऱ्याच्या लेन्सवर पिवळी पूड बसतेच. समोरचा क्षण निसटू नये म्हणून हात आपसूक शर्टाच्या टोकाकडे जातो. माझाही गेला होता. दोनदा घासलं, फोटो काढले. रात्री घरी ट्यूबलाइटखाली लेन्स तिरपी धरली तेव्हा काचेवर केसाएवढ्या बारीक, गोल गोल रेघा दिसल्या. बोट फिरलं होतं अगदी तिथंच. सूर्य समोर असला की त्या लेन्सचे फोटो अजूनही पांढुरके येतात.

भंडारा तसा मऊ. पण त्यात वाटेवरची माती मिसळलेली असते आणि मातीत गारगोटीचे कण असतात. मोहस मापावर गारगोटीचा कठीणपणा 7, साध्या काचेचा साधारण 5.5. म्हणजे कोरडं पुसणं हे काचेवर पॉलिश पेपर घासण्यासारखंच झालं. त्यात लेन्सवर कोटिंग असतं. त्याचा एकेक थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. चकाकी कमी करायचं हे काम झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये साधलं. हे कोटिंग खरवडलं गेलं की पुन्हा घरी चढवता येत नाही.

म्हणून बॅगेत रबरी ब्लोअर ठेवाच. लेन्स खाली तोंड करून धरायची आणि फुस्स फुस्स हवा मारायची, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडते. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे थेंब बसतात. तरीही कण चिकटून राहिले तर लेन्ससाठीच ठेवलेला मऊ ब्रश हलकेच फिरवा. त्याच्या केसांना मात्र बोट लावू नका, कातडीचं तेल त्याला लागतं आणि मग तेच काचेवर उतरतं.

एवढ्यावर भागलं तर तिथंच थांबा. दोन-चार कण फोटोत दिसतसुद्धा नाहीत. बोटाचा डाग किंवा तेलकटपणा असला तरच कापड काढा. स्वच्छ मायक्रोफायबरवर लेन्स क्लिनरचा एक थेंब घ्यायचा. थेंब कापडावरच, काचेवर कधीच नाही. काचेवर ओतला की तो कडेनं आत उतरतो. मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर, बोट अलगद टेकवून. टिश्यू पेपर, धोतराचं टोक, चष्म्याचं जुनं कापड, यातलं काही नको.

आता पावसाळ्याचं. कणकुंबी, जांबोटी, खानापूरकडच्या मित्रांनो, तुमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला आतून बुरशी लागते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती आतल्या काचेवर असते, बाहेरून पुसून जात नाही, आणि फार दिवस राहिली तर कोटिंगला खाते. त्यासाठी लेन्स उघडणाऱ्या कारागिराकडेच जा. ती लागूच नये म्हणून झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि ओल शोषून रंग बदलणारी सिलिका जेल आत ठेवा. रंग पालटला की नवी घाला. दमटपणा मोजायचं छोटं घड्याळ मिळतं. त्यात 40 ते 50 टक्के दिसलं की ठीक. तांदूळ मात्र घालू नका, त्याचं पीठ लेन्सवरच बसतं.

आणि ते मायक्रोफायबर साध्या साबणानं धुवा. कपडे मऊ करायचं द्रव त्यात नको, त्याचा थर कापडावर राहतो आणि पुसताना काचेवर तेलकट पट्टे ओढतो.